नायट्रोवर सिलिंडर आठवला

ताई, नमस्कार.

मी साताऱ्याचा. वय ४४, सहकारी बँकेत नोकरी. खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी आम्ही तिथे गेलो. लेक तेव्हा बालवाडीत होती, धाकटा पोटात होता. तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत जायचंच, असा घरचा रिवाज पडला. सांगलीहून मेहुण्याचं कुटुंबही येतं. दरवर्षी प्रवेशद्वारापाशी एकाच जागी उभं राहून सगळ्यांचा फोटो काढतो.

गेल्या वर्षी तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरवरून खाली कोसळत असताना मला एकदम आठवलं, की गॅस सिलिंडरचं बुकिंग करायचं राहिलंय. (त्याआधी काही महिन्यांपासून बीपीची गोळी चालू आहे, पण काही त्रास झाला नाही.) तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पार्क छान आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला मजा येते की येत नाही, हेच कळेनासं झालंय. बायको म्हणते, "तुम्ही तिथे मजा करायला जात नाही, तपासणीला जाता. इथे आधी हे होतं, तिथे आधी ते होतं. वर पुढे काय येणार ते पोरांना आधीच ओरडून सांगता." अकरावीतली लेक म्हणते, यंदा मी येणार नाही. ते मला फार लागलं. पाचवीतला धाकटा मात्र दिवस मोजतोय, कारण यंदा तो उंचीच्या पट्टीला पोचलाय. मेहुण्याने ग्रुपवर तारीख विचारलीय, मी अजून उत्तर दिलेलं नाही.

थांबायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? आणि थांबलो तर काहीतरी अर्धवट सोडल्यासारखं का वाटतंय?

– एक पार्कवेडा, सातारा

*

नमस्कार.

सिलिंडरचं वाक्य वाचून आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि वाटलं, या माणसाने अर्धं उत्तर स्वतःच लिहून पाठवलंय.

नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, त्यात पायाखाली तळ नाही, पाय मोकळे लोंबकळतात. पहिल्या वर्षी तुम्ही बसलात तेव्हाही आकडे हेच होते. अशा अवस्थेत ज्याला सिलिंडर आठवतो, त्याच्या शरीराला पक्कं कळलेलं असतं की यातून आपण नेहमीसारखे खाली उतरणार आहोत. ही भीती मुळात दोन गोष्टींवर उभी असते: पडतोय असं शरीराला वाटणं, आणि पुढे काय येणार हे माहीत नसणं. पहिली गोष्ट दरवर्षी मिळते, तिकिटाच्या पैशात ती येतेच. दुसरी एकदा संपली की संपली. डीप स्पेस ही राइड बंदिस्त अंधारात का ठेवलीय? पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे ते दिसू नये म्हणून. दिसलं की मान आणि खांदे आधीच सावरून बसतात. तुम्हाला त्या अंधारातली वळणं पाठ आहेत. तुमच्यासाठी तिथे दिवे लागलेले आहेत.

यात तुमचं काही चुकलेलं नाही, पार्कचंही नाही. फक्त हा मजेचा भाग तुमच्यापुरता वापरून झाला. तो परत येईल म्हणून आणखी दोन-तीन वर्षं वाट बघू नका, तो येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मजा संपली तरी माणूस नुसता गप्प बसत नाही, तो जाणकार होतो. तुमच्या बायकोने तपासणीचं जे म्हटलंय ते टोमणा म्हणून सोडून देऊ नका, फार नेमकं निदान आहे ते. आपल्याला नवं वाटण्यासारखं काही उरलं नाही की आपण तुलना करायला लागतो, कारण तुलनेत तरी थोडं काम असतं. दुकान कुठे होतं, परेड किती वाजता निघायची, कुठली रांग कुठून वळवलीय. स्वतःला वाटतं आपण किती प्रेमाने लक्षात ठेवलंय. बरोबरच्यांना मात्र एका दिवसात दोन पार्कं बघावी लागतात, एक समोरचं आणि एक तुमच्या आठवणीतलं.

आणि ते ओरडून सांगणं. त्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. राजासॉरसच्या राइडमध्ये होडी अंधारातून जात असताना पुढे काय येणार हे पोराला आधी सांगणं म्हणजे त्याच्या वाटची मजा काढून घेणं. (राजासॉरस हा खरा डायनासोर बरं का. गुजरातेत रहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. पोराला काही सांगायचंच असेल तर हे सांगा, तेही गाडीत.) तुम्हाला जी अनभिज्ञता परत मिळत नाही म्हणून तुम्ही कासावीस झालायत, ती त्याच्याकडे अजून शिल्लक आहे. ती त्याची त्याला खर्च करू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. मजा संपली म्हणजे जाणं थांबवायचं का? लगेच नाही. कारण माणसं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जातात ती दोन वेगळ्या कारणांनी, आणि तुम्ही ती एकत्र केली आहेत.

तुमच्याच जिल्ह्यातली पुसेगावची यात्रा घ्या. सेवागिरी महाराजांचा रथ मार्गशीर्षात दरवर्षी निघतो. रथ तोच, वाट तीच, त्याला नोटा बांधायची रीत तीच, बैलांचा बाजार तोच. खटाव तालुक्यातला कुठलाही म्हातारा घरी येऊन असं म्हणत नाही की यंदा रथात काही नवीन नव्हतं, पुढच्या वर्षापासून बंद करू. तो चकित व्हायला गेलेलाच नसतो. त्याला लेकीच्या सासरची माणसं भेटायची असतात, कुणाचा बैल केवढ्याला गेला ते ऐकायचं असतं, आणि रथाला हात लावून नमस्कार करायचा असतो. तिथे गोष्टी त्याच त्या असणं हीच जायची सोय असते.

थीम पार्कचं गणित उलटं आहे. ते नवलावर चालतं आणि नवल विटतं, हे चालवणाऱ्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हापासून वॉल्ट डिस्ने सांगायचे की हे कधी पुरं होणार नाही, त्यात भर पडत राहणार. त्यामागे स्वप्न होतं तसा धंद्याचा हिशेबही होता. एकदा येऊन गेलेला माणूस परत यायचा तर त्याला काहीतरी नवं दाखवावं लागतं. इमॅजिकातही आधी थीम पार्क, मग वॉटर पार्क, मग स्नो पार्क अशी भर पडत गेली ती याच कारणाने. आणि भर टाकायची तर जुनं काढावंही लागतं. अमेरिकेतल्या दोन्ही डिस्ने पार्कांनी २०२३ मध्ये स्प्लॅश माउंटन ही लोकांची लाडकी राइड बंद केली, तेव्हा शेवटच्या दिवशी लोक तासन् तास रांगेत उभे होते. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच पाण्यावर, नवी गोष्ट घेऊन दुसरी राइड आली.

उलट पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी बघा. १९५६ पासून ती इवलीशी गाडी गोल फिरतेय. नवल म्हणावं तर एका फेरीत संपतं. तरी आजी झालेल्या बायका नातवंडांना घेऊन तिच्यात बसायला जातात, कारण गाडीत बसणं हे निमित्त आहे. शेजारी कोण बसलंय यासाठी ती फेरी असते.

तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: नाताळच्या त्या दिवसातलं तुम्हाला वर्षभर काय आठवतं? राइड आठवत असतील तर तुमचं तिथलं काम झालंय. पण पहाटेच्या अंधारात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात सांगलीची गाडी येईपर्यंत कुडकुडत उभं राहणं, खंबाटकीच्या बोगद्यात सगळ्या पोरांनी एकदम किंचाळणं, मेहुण्याने दुपारी सावलीत आडवं होऊन घोरणं, असलं काही आठवत असेल, तर तुमची सहल कधीच यात्रा झालेली आहे. अशी सहल मजा संपल्यावरही चालू ठेवता येते. अट एकच, यात्रेत गुण द्यायचे नसतात. तपासनीस घरी ठेवून जायचं.

पत्र वाचून माझा अंदाज असा की तुमच्यात दोन्ही आहे. फोटोबद्दल तुम्ही लिहिलंय, मेहुण्याबद्दल लिहिलंय, लेकीचं लागलं ते लिहिलंय. राइडबद्दल लिहिताना मात्र सिलिंडर आला.

आता एक गोष्ट, जी तुम्ही कंसात टाकलीत. कंसात टाकली म्हणूनच मी ती बाहेर काढतेय. बीपीची गोळी चालू असताना तुम्ही नायट्रोवर बसलात. अशा राइडच्या तोंडाशी पाटी असते: उच्च रक्तदाब, हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसू नये. तुमची बायको त्या पहिल्या वर्षी धाकट्यामुळे खाली थांबली ती याच पाटीमुळे, नाही का? तेव्हा तुम्हीच तिला थांबवलं असणार. मग तीच पाटी तुम्हाला का लागू होऊ नये? "काही त्रास झाला नाही" ही तपासणी नव्हे. डॉक्टरांना सरळ नाव घेऊन विचारा, की एवढ्या उंचीच्या, एवढ्या वेगाच्या, उलटं करणाऱ्या राइडवर मी बसू का. ते नाही म्हणाले तर जायचं की थांबायचं हा तुमचा प्रश्न मोठ्या राइडपुरता तिथेच मिटला. आणि ही गोळी चालू आहे हे मेहुण्याला माहीत आहे का? पत्राच्या सुरावरून मला शंका आहे. शेजारच्या सीटवर कोण बसलंय हे त्याला ठाऊक हवं.

लेकीचं सांगते. ती अकरावीत आहे, "येणार नाही" म्हणाली, तुम्हाला लागलं. पण तिने जे केलं तेच तुम्ही करायचं म्हणताय आणि तुम्हाला त्यासाठी सल्लागार लागतोय. तिने एका वाक्यात निर्णय घेतला, भांडण न करता. मला तर तिचं कौतुक वाटलं. तिला ओढून नेलंत तर ती कानात इयरफोन घालून दिवसभर तुमच्या मागे चालेल आणि त्या नेहमीच्या फोटोत तोंड फिरवून उभी राहील. राहू दे तिला घरी. दोन-तीन वर्षांनी मैत्रिणींबरोबर ती स्वतःच्या पैशाने तिथेच जाईल आणि घरी येऊन तुम्हाला सांगेल की बाबा, तिथे अमुक नवीन झालंय. तेव्हा "आधी तिथे काय होतं माहितीय का" हे वाक्य गिळायचं.

धाकट्याचं उलट. त्याच्यासाठी पार्क यंदा उघडतंय. इतकी वर्षं तो उंचीच्या पट्टीशी टाचा उंचावून उभा राहिला आणि परत फिरला. त्याला "आता पुरे झालं" हे तुमच्या कंटाळ्याचं कारण देऊन सांगणं मला मान्य नाही. तो जाणार. प्रश्न फक्त कुणाबरोबर.

मामाबरोबर. माझा सरळ सल्ला हा आहे की यंदा धाकट्याला सांगलीकरांबरोबर पाठवा आणि तुम्ही जाऊ नका. पहाटे चौकापर्यंत सोडायला जा, डबा द्या, पैसे द्या, परत फिरा. दिवसभरात ग्रुपवर सूचना टाकायच्या नाहीत. आधी कुठल्या रांगेत लागायचं, जेवायला किती वाजता बसायचं, काही नाही. मामाला त्याच्या पद्धतीने चुकू द्या. त्याने चुकीच्या क्रमाने राइड घेतल्या तरी पोराला तो क्रम बरोबरच वाटणार आहे.

आणि त्या दिवशी घरी बसून स्वतःकडे लक्ष ठेवा. साधारण अकराच्या सुमाराला, गर्दी वाढायची वेळ होते तेव्हा, तुम्हाला नक्की कशाची चुटपुट लागते? राइडची लागली तर मला आश्चर्य वाटेल. माणसांची लागली तर पुढच्या वर्षी जा, पिशव्या सांभाळायला जा. एवढ्या मोठ्या टोळीला एक माणूस खाली बसलेला लागतोच, आणि ते पद मानाचं आहे. ओले कपडे, चपला, मोबाइल, अर्धं खाल्लेलं सँडविच, सगळं त्याच्याकडे असतं, त्यामुळे सगळे फिरून त्याच्याकडेच येतात. शिवाय आय फॉर इंडियासारख्या बसल्या जागी देश वरून दाखवणाऱ्या सौम्य राइड आहेतच, त्याही डॉक्टरांना विचारून. काहीच चुटपुट लागली नाही, संध्याकाळपर्यंत तुम्ही विसरूनही गेलात की आज पोरं तिकडे आहेत, तर झालं. थांबायची वेळ येऊन गेली.

अर्धवट सोडल्यासारखं का वाटतं, हे विचारलंत. मला वाटतं ते त्या फोटोमुळे. एका जागी, दरवर्षी, पोरं वाढत गेलेली. आता एक वर्ष गाळलं तर साखळी तुटेल, असं वाटतंय. पण ती आधीच तुटलेली आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंदच झालं आणि त्या नाताळला तुमच्यापैकी कुणीही त्या दारात उभं नव्हतं. त्या वर्षीची जागा अल्बममध्ये मोकळी आहे आणि अल्बम ठीकठाक आहे. यंदाच्या फोटोत धाकटा मामा-मामीबरोबर उभा असेल, तुम्ही नसाल. लावून टाका तोही.

पार्काशी बेइमानी वगैरे मनात असेल तर ते काढून टाका. तुम्ही तिकीट घेतलंत, त्यांनी दिवस दिला, दर वर्षाचा हिशेब त्या त्या वर्षी चुकता झालाय. मध्यंतरी, २०२२ मध्ये, ते मालपाणी समूहाकडे गेलं, तेव्हा तुमच्या आठवणी कुणी यादीत धरल्या नव्हत्या. त्या तुमच्याकडेच आहेत.

एक करू नका: निरोपाची सहल काढू नका. "ही आपली शेवटची" असं जाहीर करून गेलात की प्रत्येक राइडसमोर उभं राहून भावुक व्हावं लागतं, पोरांनाही तसं वागावं लागतं, आणि परतीच्या वाटेवर कात्रजच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलात की सगळ्यांची चिडचिड होऊन निरोपाचा पचका होतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं होतं, अलीकडे ते बंद झालं. होडीने तिकडे गेलेल्या बहुतेकांना आपली शेवटची खेप कुठली ते माहीत नव्हतं. म्हणून त्यांच्या आठवणीत काही खोट आली नाही. तुम्हीही गेल्या वर्षीच, नकळत, शेवटचे जाऊन आला असाल. छान झालं असं समजा.

आता वाचकांपैकी कुणाला वाटेल, ही बाई पर्याय म्हणून कास, ठोसेघर, सज्जनगड सुचवणार. नाही. साताऱ्यात राहून त्यांना ती नावं सांगायची म्हणजे कहर झाला. आणि एक लाडकी जागा सुटली की लगेच दुसरी नेमायची घाई कशाला? एखादा नाताळ घरी मटार सोलत गेला तर काही बिघडत नाही.

मेहुण्याला उत्तर आजच द्या, तो खोळंबला असेल. ग्रुपवर नको, फोन करा. "यंदा आम्ही दोघं येत नाही, लेकही नाही, पण भाच्याला घेऊन जाल का?" एवढंच म्हणा. कारण विचारलं तर बीपीचं खरं कारण सांगा, ते बरंच काम करतं आणि त्याला एकदाचं कळेलही. आणि शक्य असेल तर तारीख बदलायला सांगा. नाताळाच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र रांगेत असतो, आणि पहिल्यांदाच नायट्रोवर बसणाऱ्याला त्याच दिवशी दुसऱ्यांदा बसावंसं वाटणार. जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार बरा. शाळेला एक दिवस दांडी पडेल. वर्गशिक्षिकेला काय सांगायचं ते मामावर सोपवा.